मामंजींच्या देव्हाऱ्यातला खडा

माशाच्या कानात खडा असतो हे मला परकर नेसायला लागल्यापासून ठाऊक आहे, आणि मासा मी जन्मात कधी तोंडात घातलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण पहिली उघडी पडली की दुसरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. याच पायी माझ्यावर सासर सुटायची पाळी आली होती, तेव्हाची ही हकीकत.

माहेर माझं गंगाखेडचं. राज्य निजामाचं, नाणं हाली शिक्क्याचं, शाळा उर्दू आणि आमचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि बाजारातून भाजी आली तरी आई ती दोनदा धुणार. पण आमच्या मागच्या भिंतीला लागून एक बोळ होता आणि बोळापलीकडं भोयांची आळी. गोदावरीचे भोई. तिथं माझ्याच वयाची एक पोरगी होती, तिचा नि माझा जीव की प्राण. तिच्या आईनं मासे चिरले की ही मुंडकी घेऊन बसायची, दगडानं फोडायची आणि आतून पांढरे खडे काढायची. राखेनं घासून धुतले की ते असे लख्ख निघत! मग आम्ही बोळात बसून एकी का बेकी खेळायचो. ती मूठ उघडून विचारायची, "सांग, हा कुणाचा?" चुकलं की पाठीत धपाटा. धपाटे खाऊन खाऊन मी तयार झाले.

माशाला कान दोन, म्हणून खडेही जोडीनं निघतात. शिंगटीचा खडा मसुराच्या डाळीसारखा गोल. मरळीचा लांबट आणि कडेला बारीक दाते. रोहू दिसायला एवढा दांडगा, पण त्याचा खडा म्हणजे नखाची कपची, फुंकलं तर उडेल. वांबीचा तर तिळाएवढा, शोधता शोधता डोळ्यांत पाणी येतं. ज्याचं त्याचं वेगळं, आणि एकाचं दुसऱ्यात कधी मिसळत नाही. आईला माझ्या ओच्यात हे खडे सापडले की ती किंचाळायची, मला नहाणीत नेऊन घासायची आणि खडे बोळात फेकून द्यायची. दुसऱ्या दिवशी मी ते वेचून आणायची.

लग्न होऊन मी बोरीला आले. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, भर पेठेत किराण्याचं दुकान. तराजूत गुंजभर इकडचं तिकडं व्हायचं नाही असा चोख माणूस. पण तराजू खाली ठेवला की जिभेनं अख्ख्या गावाला तोलायचे. कुणाच्या जावयानं हैदराबादेत अंडं खाल्लं, कुणाचा भाऊ मुसलमान दोस्ताकडं बिर्याणीच्या वासाला बसला, सगळं त्यांना ठाऊक. असल्यांच्या पंगतीला ते जायचे नाहीत, आणि गेले नाहीत हे सगळ्यांना कळेल अशा बेतानं जायचे नाहीत. आमचे हे त्यांचे एकुलते एक चिरंजीव. वडील खोकले तरी हे उठून उभे राहात.

त्या उन्हाळ्यात मामंजींना मूतखड्यानं धरलं. कळ आली की दुकानातल्या सरकीच्या पोत्यावर आडवे व्हायचे आणि कण्हत कण्हत गिऱ्हाइकाला डाळीचा भाव सांगायचे. भावात मात्र कधी चूक नाही. सगळं गाव म्हणालं, जिंतूरच्या हकिमाला दाखवा, मूतखड्यावर त्याच्याकडं अक्सीर इलाज आहे. मामंजी उसळले.

"हकिमाच्या पुडीत काय आसतंय कुणाला ठावं? हाडं आसतील, रगत आसंल. मरीन, पर पोटात इटाळ जाऊ देणार न्हाई!"

मग कुळथाचं कढण सुरू झालं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, रोज पहाटे ते करायच्या. मला चुलीपाशी येऊ द्यायच्या नाहीत, म्हणायच्या, तू अंगण बघ. मला वाटलं, नव्या सुनेला सवलत! आषाढ लागता लागता कळ थांबली. मामंजी ताठ बसायला लागले, आणि ताठ बसल्यावर त्यांना बोलायला आणखी जोर आला. "बघा, कुळीथ आन भस्म. दुसरं काय लागत न्हाई. श्रद्धा पायजे." मूतखड्याचा जो जो रोगी दुकानात येई त्याला मिठाबरोबर हे फुकट मिळे.

आषाढातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी मामंजींनी अंगणातून हाक मारली. अशी हाक की आम्हाला वाटलं साप निघाला. पाहतो तर ते मोरीच्या कडेला उकिडवे बसलेले, आणि तळहातावर पांढराशुभ्र खडा. चिंचोक्याएवढा, गुळगुळीत, एका बाजूनं फुगीर. दुसऱ्या बाजूला खोलगट खाच, वर गोल आणि खाली लांब शेपूट.

"बघा," मामंजींचा आवाज कापत होता. "शाळुंका हाय. वर पिंड, खाली पाणी जायाची वाट. सोमवारचा देव आपून हून अंगणात आला."

मी वाकून बघितलं. बाई गं! हा तर माशाच्या कानातला! एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता, खाचही नेहमीची नव्हती, पण जात तीच. हाताला ओळख लागते, ती विसरायची म्हटली तरी विसरत नाही. पण बोलणार कोण? सून होते मी, आणि सुनेनं देवाला मासा म्हणायचं? मी पदर घेतला आणि सगळ्यांबरोबर वाकून नमस्कार केला. आत्याबाईंच्या हातून मात्र तांब्या पडला. त्या खड्याकडं बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मामंजी म्हणाले, "बघा, हिला तर दर्शनच झालं."

खडा देव्हाऱ्यात गेला. भस्म लागलं, बेल चढला. दुपारपर्यंत गावाला कळलं आणि माणसं दर्शनाला यायला लागली. येणारा आधी नारळ-साखर घ्यायचा, आणि ते मिळायचं मामंजींच्याच दुकानात. त्यांचा काही तसा मतलब नव्हता हो, मी खोटं कशाला बोलू. पण देव पावला तर असा पावावा, असं ह्यांनीसुद्धा एकदा माझ्या कानात म्हटलं.

पंचमी चार-पाच दिवसांवर आली होती. न्यायला भाऊ यायचा, पण त्याला हिवताप, म्हणून आईच आली. गंगाखेडहून आगगाडीनं परभणी आणि पुढं बैलगाडीनं बोरी. हाडं खिळखिळी झालेली. मामंजींनी तिला पाणीसुद्धा धड पिऊ दिलं नाही. "ईनबाई, आधी दर्शन घ्या."

आईनं चष्मा नाकावर नीट केला, देव्हाऱ्यात डोकावली, आणि म्हणाली,

"अगं बया! हा तर माशाच्या मुंडक्यातला खडा! आमची पोर असल्यांनीच खेळायची की वो. मी किती येळा फेकून दिले!"

माझ्या आईला बोलून झाल्यावर विचार करायची सवय होती. तिनं हात तोंडावर ठेवला तेव्हा सगळं संपलं होतं. दर्शनाला आलेल्या दोन बायका नारळ तसाच घेऊन परत गेल्या. तो नारळ त्यांनी दुकानात परत केला, यावरूनच काय ते समजा.

मामंजींचा चेहरा भस्मासारखा झाला. आठवडाभर माशाच्या हाडाला बेल वाहिलेला माणूस तो. त्यांच्या जागी मी असते तर मीही कुणावर तरी फुटलेच असते. ते माझ्यावर फुटले.

"आता कळलं खडा कुठून आला! हिच्या पेटीतून! जिच्या पेटीत खडा, तिच्या पोटात मासा." मग ओसरीवर येऊन, चार माणसं ऐकतील असं म्हणाले, "ऐका समदे. ज्याच्या पोटात मासा गेला त्यानं ह्या घरात ऱ्हायचं न्हाई. माझं आसो का परक्याचं. ईनबाई, पोरीला पंचमीला न्यायला आलाव न्हवं? न्या. परत धाडू नका."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे देव्हाऱ्याकडं पाहत होते. अस्सा राग आला! आणि राग आला की माझी अक्कल गहाण पडते. मी उंबऱ्यातूनच बोलले, "मामंजी, पेटी उघडून बघा. आन हा खडा आपल्याकडच्या कुठल्याच नदीतल्या माशाचा न्हाई. एवढा मोठा नसतोच."

आईनं मला असा चिमटा काढला की वळ उठला. मामंजी टाळी वाजवून म्हणाले, "बघा! बघा! तोंडानं कबूल करायलीय!"

पेटीत काही निघालं नाही. पण त्यानं काय होतं, चोर कधी चोरी पेटीत ठेवतो का, असं मामंजी म्हणाले. देव्हारा शुद्ध करायला आणि माझा फैसला करायला मठाच्या स्वामींना निरोप गेला. ते येईपर्यंत मामंजींनी माझ्या हातचं पाणी बंद केलं. मी तांब्या ठेवला की ते आत्याबाईंना हाक मारायचे.  कढण करताना आत्याबाईंच्या हातून रोज काहीतरी सांडायचं. मला वाटे, माझ्या काळजीनं.

आणि मला खरंच भीती वाटत होती. माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. थोरली मासे खाऊन परत आली म्हटल्यावर त्यांना कोण करून घेणार? रात्रीची झोप गेली. आई एकच म्हणत होती, "आता कानाला खडा! परत कुणाच्या देव्हाऱ्यात डोकावणार न्हाई." मी म्हटलं, खड्याचं नाव काढू नको.

स्वामी आले. गोल पोटाचे, सावकाश बोलणारे, डोळे मात्र जागे. त्यांनी सगळं ऐकलं. मी आतूनच म्हटलं, "महाराज, अदालतीत सुदिक सबूत बघत्यात. नदीतल्या माशांचे खडे काढून ह्याच्याशी मिळवून बघा. एक जरी मिळाला तर मी आपल्या पायानं जाते."

स्वामींना ते पटलं. मामंजींनाही पटलं, कारण एक तरी मिळणारच याची त्यांना खात्री होती. पूर्णा नदीवरच्या भोयाला बोलावणं गेलं.

अशी सकाळ बोरीत पुन्हा झाली नसेल. फाटकाबाहेर लिंबाखाली भोयाची टोपली. ओसरीवर स्वामी, मामंजी आणि समाजाचे चार शिष्ट, सगळ्यांच्या नाकाला उपरणी. पुढं पत्रावळ मांडलेली, तिच्यावर मधोमध देव्हाऱ्यातला खडा, त्याच्यावर अजून भस्माचा पट्टा. फाटकाबाहेर अर्धं गाव. मुंडकं फोडायचा आवाज आला की शिष्ट डोळे मिटून घेत आणि लगेच उघडून विचारत, "निघाला का?"

मी उंबऱ्याआडून विचारलं, "शिंगटी हाय का? मसुराएवढा गोल निघंल."

भोयानं धुऊन पत्रावळीवर ठेवला. मसुराएवढा, गोल.

"मरळ? लांबट, कडेला दाते." निघाला तसाच. "रोहूचा हलक्या हातानं काढ बाबा, मोडंल." कपची निघाली. "वांबीचा दिसला तर दिसंल." भोयानं तो बोटाच्या टोकावर घेऊन उन्हात धरला आणि मान वर करून म्हणाला, "वैनी, तुमचं माहेर कंच्या घाटावरचं?"

फाटकाबाहेर हशा पिकला. आईनं कपाळ बडवून घेतलं. काय सांगू तुम्हाला, जितकं बरोबर सांगावं तितकी मी गाळात रुतत होते. एकही खडा देव्हाऱ्यातल्या खड्याशी मिळाला नाही, मी खरी ठरले. आणि खरी ठरले म्हणूनच सगळ्यांना मी खोटी वाटायला लागले.

"मंग हा मोठ्या माशाचा," मामंजी म्हणाले.

"मामंजी, एवढा खडा आसलेली मरळ गोऱ्ह्याएवढी लागंल. तसली खाल्ली आसती तर गंगाखेडला दवंडी पिटली आसती!"

स्वामींना हसू आवरलं नाही. तेवढं हसू मात्र मला महागात पडलं. मामंजी ताडकन उठले. "खाल्ली न्हाई तर कळतंय कसं? हा इलम देव्हाऱ्यात शिकली का? झाला फैसला. गाडी जुपा!"

तेव्हा मात्र मला रडू फुटलं.  आई माझं गाठोडं बांधायला आत वळली.

तेवढ्यात माझ्या शेजारून आत्याबाई पुढं गेल्या. त्यांना चार पुरुषांसमोर ओसरीवर गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याशी बोलायचं तर त्या भिंतीकडं तोंड करून बोलायच्या. पत्रावळीपाशी बसल्या, कमरेची फडक्याची पुरचुंडी सोडली आणि पालथी केली. खडखड आवाज झाला. पांढरेशुभ्र खडे, चिंचोक्याएवढे. प्रत्येकावर तीच खाच, वर गोल आणि खाली शेपूट. एक खडा अर्धा झिजून सपाट झालेला.

"माझे हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "जिंतूरच्या हकिमानं दिले, समिंदराकाठच्या मुलखातनं येत्यात म्हणला. जिंतूरलाच बहिणीला भेटायला गेल्ते ना, तवा आणले. रोज पहाटं सहाणेवर उगाळून कढणात घालतेय. त्यातलाच एक मोरीपाशी पडला. मला बी डोंगरातला दगड वाटला व्हता, मूतखड्याला दगडाचा उतारा. माशाचा हाय हे ईनबाई बोलल्यावर कळलं." मग पहिल्यांदा त्यांनी सरळ नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "पोरीच्या पोटात मासा न्हाई. तुमच्या पोटात हाय. तुमी तळमळत व्हता, मला बघवंना. आता घराबाहेर काढायचं आसंल तर घालणारीला आन खाणाऱ्याला काढा. गाडी जुपलेलीच हाय, बसा. सून ऱ्हाईल हितंच."

 उपरणी नाकावरून कधी खाली आली कुणाला कळलं नाही. शेवटी भोयानं विचारलं, "मालक, मासे ठिवायचे का न्यायचे?"

स्वामींनी झिजलेला खडा नुसता न्याहाळला, हात लावला नाही. "कळ थांबली का?"

मामंजी जमिनीकडं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "थांबली."

"मंग दवा हाय ती. जिभेसाठी घेतलं ते खाणं, जिवासाठी घेतलं ते औषध. देव्हारा धुऊन घ्या. खड्याची जागा तेवढी चुकली व्हती, सहाणेवर ठिवा त्याला." आणि उठता उठता म्हणाले, "पोरीच्या माथी उगंच घातलं तुमी."

मामंजी आत जाऊन बाजेवर पडले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.  मी पाण्याचा तांब्या ठेवला, तो तसाच राहिला. मला कळेना, मी पंचमीला चालले आहे का कायमची. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला काही विचारू नको, मी बोलले की घोटाळा होतो.

सकाळी गाडी दारात उभी होती. आत्याबाईंनी कढण आणून मामंजींपुढं ठेवलं. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आज पातळ झालंय."

"पातळ न्हाई," आत्याबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. "नुसतं कुळथाचं हाय."

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. दाराकडं बघितलं, गाडीवान दूर आहे याची खात्री केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाईला सांगा. तिला पारख हाय. चांगला बघून उगाळून आण म्हणावं."

मी पुरचुंडी सोडली.  त्यातला चांगला टपोरा खडा निवडला, सहाणेवर पाणी घातलं आणि उगाळला. उगाळता उगाळता डोळ्यांतलं पाणी टपकन सहाणेवर पडलं, ते तसंच राहू दिलं. वाटी घेऊन गेले. मामंजींनी ती माझ्या हातातून घेतली, तळापर्यंत प्यायले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"पंचमी झाली की लौकर ये," ते म्हणाले. "हिच्या हाताला एवढं बारीक जमत न्हाई."